रीफ टँकमधलं शेवाळ: आधी ओळखा, मग हात घाला

सकाळी रीफ टँकचे, म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचे, दिवे लागतात आणि काल पांढरीशुभ्र असलेली वाळू तपकिरी दिसते. जीव खाली-वर होतो आणि हात औषधाच्या बाटलीकडे जातो. पण थांबा. माझ्या टँकमध्ये असा थर आला तेव्हा तो सायनो (सायनोबॅक्टेरिया) समजून मी माशांचं खाणं निम्म्यावर आणलं आणि फॉस्फेट रिमूव्हर (पाण्यातलं फॉस्फेट शोषून घेणारं माध्यम) वाढवलं. थर दुप्पट झाला, दोन आठवड्यांत शेवाळ खाणाऱ्या सगळ्या टर्बो गोगलगायी मेल्या. ते डायनो (डायनोफ्लॅजेलेट, एकपेशीय सूक्ष्मजीव) होते, आणि पाणी उपाशी असलं, म्हणजे त्यात नायट्रेट-फॉस्फेट जवळजवळ नसलं, की त्यांचं फावतं. म्हणून सगळा भर ओळखण्यावर द्या.

पायरी 1: बघा, हात लावा

हातमोजे घाला. टँकमध्ये झोअँथिड (बटणासारखे दिसणारे प्रवाळासारखे जीव) असतील तर नक्कीच, कारण त्यांच्यापैकी काहींचं विष हातावरच्या जखमेतून अंगात भिनू शकतं.

टँक नवा आहे आणि पिठासारखा तपकिरी थर बोटाने पुसला जातो? ते डायटम, म्हणजे एकपेशीय शेवाळ. पाण्यातलं सिलिकेट संपलं की आपोआप ओसरतात. किरमिजी रंगाचा, दुधावरच्या सायीसारखा अख्खा सोलून निघणारा थर म्हणजे सायनो. ते शेवाळ नव्हे, जिवाणू आहेत. हिरवे मऊ केस म्हणजे केसाळ शेवाळ, आणि केसाला पिसासारख्या फांद्या असतील तर ब्रायोप्सिस. हिरवे चकचकीत मणी म्हणजे बबल शेवाळ. गुलाबी-जांभळा टणक थर मात्र कोरलाइन शेवाळ. तो दगडावर असू द्या, टँक चांगला चालल्याची ती खूण आहे.

डायनो शेंबडासारखे लोंबतात, धाग्यांच्या टोकाला हवेचे बुडबुडे असतात. सकाळी कमी, दिवे मावळताना भरपूर. शंका असेल तर थोडा थर बाटलीत घेऊन जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि खाली आलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. त्यात पुन्हा धागे जुळून आले तर डायनोच समजा.

पायरी 2: आकडे तपासा

नायट्रेट आणि फॉस्फेट हे शेवाळाचं खाद्य. नायट्रेट 2 ते 10 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम असावं. टेस्ट किट शून्य दाखवतं आणि दगडावर केसाळ शेवाळाचं रान माजलंय, असं असेल तर त्या शून्यावर विसंबू नका: पाण्यात आलेलं सगळं शेवाळच खाऊन टाकतंय.

पायरी 3: पाणी कुठून येतं ते बघा

मुंबईत बहुतेकांची चूक इथे होते. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी पिण्यासाठी असतं. बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी क्षार ठेवलेले किंवा परत घातलेले असतात. टँकला डीआय काडतूस (आरओनंतर उरलेले क्षारही काढणारं) लावलेलं आरओ-डीआय पाणीच हवं, टीडीएस पेनवर (विरघळलेले क्षार मोजणारं) शून्य दाखवणारं. उन्हाळ्यात सोसायटीत टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी आलं की ते काडतूस लवकर संपतं, म्हणून तेव्हा दर आठवड्याला मोजा. मे महिन्यात पंखा लावून टँक थंड ठेवत असाल तर रोज बरंच पाणी उडतं. उडतं ते फक्त पाणी. भर घातलेल्या पाण्यातला फॉस्फेट आणि सिलिकेट टँकमध्येच साठत जातो. जुहू किंवा मरीन ड्राइव्हचं समुद्राचं पाणी आणून ओतू नका, त्यात सांडपाणी मिसळलेलं असतं.

पायरी 4: हाताने काढा

केसाळ शेवाळ असलेला दगड टँकच्याच पाण्याच्या बादलीत घेऊन टूथब्रशने घासा आणि ते पाणी फेकून द्या. मणी न फोडता अख्खे उपटा, तेही टँकबाहेर. सायनो नळीने ओढून घ्या आणि वेव्हमेकरचं (टँकमध्ये प्रवाह तयार करणारा पंप) तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा. पाणी साचून राहतं तिथेच तो पसरतो.

पायरी 5: खाणं आणि उजेड

फ्रोझन मायसिसचा (कोळंबीसारख्या बारीक जिवांचं माशांचं खाणं) क्यूब सरळ टँकमध्ये टाकू नका. चहाच्या गाळणीत ठेवून आरओच्या पाण्याखाली विरघळू द्या. खाली गळणारं गढूळ पाणी शेवाळाला खतासारखं असतं. फिल्टर सॉक (कचरा अडवणारी कापडी पिशवी) दर तीन दिवसांनी धुवा. दिवे आठ-नऊ तास पुरे. पश्चिमेच्या खिडकीतून टँकवर ऊन येत असेल तर पडदा लावा.

डायनो असतील तर मात्र उलट वागा. पाणी बदलणं थांबवा, फॉस्फेट रिमूव्हर काढा, नायट्रेट-फॉस्फेट हळूहळू वर आणा. तीन दिवस टँक अंधारात ठेवून स्किमर (हवेच्या फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) जोरात चालवा, म्हणजे प्राणवायू घटणार नाही. पाण्यात तरंगणाऱ्या जातींवर यूव्ही दिवाही चालतो.

गोगलगायी सगळ्यात शेवटी आणा. ट्रोकस आणि टर्बो आखूड शेवाळ खातात, लांब केसांना बहुतेक तोंड लावत नाहीत, म्हणून आधी ते हाताने उपटलेलं हवं. दुकानातल्या आणि तुमच्या पाण्याच्या खारेपणात फरक असतो, म्हणून घरी आणल्यावर बारीक नळीने थेंबथेंब तुमचं पाणी त्यांच्या डब्यात सोडा. तासभर तरी.