सांध्यावर अडखळणारी डब्ल्यूडीएम-२

१:८७ प्रमाणातली माझी डब्ल्यूडीएम-२ या भारतीय रेल्वेच्या डिझेल इंजिनाची प्रतिकृती सरळ रुळावर छान धावत असे, पण रूळ बदलण्याच्या सांध्यावर हमखास थांबे आणि बोटाने ढकलल्याशिवाय पुढे सरकत नसे. मी आधी मोटारीवर संशय घेतला आणि दोन संध्याकाळी वाया घालवल्या.

उत्तर मूळ इंजिनाशी तुलना करताना सापडले. १९६२ साली अमेरिकेतून आलेल्या आणि पुढे वाराणसीत बांधल्या गेलेल्या या इंजिनात १६ सिलिंडरांचे, २६०० अश्वशक्तीचे आल्को या अमेरिकी कंपनीच्या रचनेचे डिझेल यंत्र जनित्र फिरवते आणि त्या जनित्राची वीज सहा आसांवरच्या सहा मोटारींना मिळते. म्हणजे वीज त्याच्या पोटातच तयार होते. माझ्या प्रतिकृतीत मात्र मधोमध एकच मोटार आहे आणि तिची वीज रुळांतून, चाकांच्या मागे टेकणाऱ्या पातळ धातूच्या पट्ट्यांमार्फत येते; हा संपर्क कुठे तुटला की मोटार थांबते.

बोगी (चाके बसवलेली खालची चौकट) सोडवून भिंगाखाली धरली, तेव्हा मधल्या चाकाची पट्टी केसभर मागे वाकलेली दिसली आणि चाकांवर तेल व धुळीचा काळा थर बसलेला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने चाके पुसली, पट्टी चिमट्याने अलगद पुढे घेतली (दाब जास्त झाला तर चाक जड फिरते, म्हणून घाई करू नये) आणि प्रत्येक चाकातून वीज येते का ते मल्टिमीटरने तपासले. आता ती अगदी मंद वेगातही सांधा न थांबता ओलांडते.