रेजेक्सने वेबपानातला तक्ता काढताय? आधी रांग वेगळी करा

पायथन आणि रेजेक्सची तोंडओळख आहे असं धरून लिहितोय.

`.*` हावरट आहे, शेवटच्या टॅगपर्यंत सगळं गिळतो. प्रश्नचिन्ह लावून `.*?` केलं की कमीत कमी घेतो. इथवर सगळेच शिकवतात. खरा फटका पुढे बसतो, आणि मला बसलेला अजून जाणवतो.

समजा बाजारभावांचा तक्ता आहे. पॅटर्न: बाजाराचं नाव, मग `.*?`, मग भावाचा खण. लासलगावच्या रांगेत आज भावाचा खणच नाही. आपल्याला वाटतं, ही रांग सुटेल. सुटत नाही! ‘कमीत कमी’ म्हणजे जुळणी पूर्ण होईपर्यंतचं कमीत कमी. रांग संपली हे `.*?` ला कळतच नाही. तो टीआरचा (तक्त्यातल्या रांगेचा) बंद टॅग ओलांडतो, पुढच्या पिंपळगावच्या रांगेत शिरतो, तिथला भाव उचलून लासलगावला चिकटवतो. पिंपळगाव यादीतून गायब. एरर नाही, वॉर्निंग नाही, आकडाही पटण्यासारखा. टिंब एरवी नव्या ओळीपाशी थांबतं, पण मार्कअप अनेक ओळींत पसरलेलं म्हणून आपणच डॉटऑल (टिंबाला नवी ओळही धरायला लावणारा पर्याय) लावतो आणि तो अडसरही जातो.

म्हणून आधी एकेक रांग कापा आणि त्या तुकड्यातच शोधा. खणाच्या आत `[^<]*` लिहा, तो पुढच्या टॅगपाशी थांबतो. रांगा किती आणि नाव-भावाच्या जोड्या किती, हे मोजा. प्रत्येक वेळी मोजा.

तयार पॅटर्न उचलून चिकटवू नका. एकेक चिन्ह समजावता येत नसेल तर तो पॅटर्न तुमचा नाही. ‘एचटीएमएलला रेजेक्स लावायचं नाही’ एवढंच बजावणारे सीनियर माझ्या मते निरुपयोगी. कारण सांगणारा भेटला तर सोडू नका. कारण असं: डिव्हमध्ये (पानाचा एक भाग वेगळा करणारा टॅग) डिव्ह कितीही खोल असू शकतात, आणि ती खोली मोजायची सोय पायथनच्या रेजेक्समध्ये नाही. तिथे ब्यूटिफुल सूप किंवा एलएक्सएमएल घ्या, म्हणजे एचटीएमएलची रचना समजून वाचणारा पार्सर. त्याआधी पानातले स्क्रिप्ट टॅग बघा, पुष्कळदा तीच माहिती जेसनमध्ये (नाव-किंमत अशा मांडणीत) आयती असते.

घाबरू नका, शिकलेलं वाया जात नाही. पार्सरने खण काढून दिला तरी आतल्या मजकुरातून आकडा वेगळा करायला रेजेक्सच सोयीचं. फक्त तीन-तीन अंकांनी स्वल्पविराम धरणारा पॅटर्न १,२५,००० मधून आधी नुसता १ उचलतो, तो बदला. देवनागरी अंक पायथन ३ मधलं बॅकस्लॅश-डी ओळखतं. जावास्क्रिप्टमधलं ओळखत नाही.