ऊसतोड यंत्रावर माप घेणारा कॅमेरा बसवताना

हार्वेस्टरच्या एलिव्हेटरवर, म्हणजे तोडलेला ऊस वर चढवणाऱ्या चेनच्या पट्ट्यावर, कॅमेरा बसवायचं काम अर्ध्या दिवसाचं. त्यानं दाखवलेला उसाच्या वजनाचा आकडा खरा यायला मला अख्खा एक हंगाम लागला. चूक कुठे होती ते कोणीच सांगत नव्हतं. सगळे एकच सांगायचे, ‘काट्याशी जुळवून घ्या,’ म्हणजे कारखान्याच्या वजनकाट्याचा आकडा येईल असं कॅमेऱ्याचं माप बदला. त्या सल्ल्यानंच माझं नुकसान झालं, म्हणून इथे बाकीचं थोडक्यात उरकतो आणि तेवढंच नीट सांगतो.

आधी यंत्रणा समजून घ्या. यंत्र उसाच्या वीतभर कांड्या करतं आणि त्या एलिव्हेटरवरून इन्फिल्डरमध्ये, म्हणजे शेजारून चालणाऱ्या गाडीत, पडतात. दोन भिंगांचा कॅमेरा वरून खाली बघतो आणि कांड्यांचा थर किती उंच आहे ते मोजतो. शाफ्टवरचा सेन्सर चेन किती वेगानं चालली आहे ते सांगतो. पट्ट्याची रुंदी आपण एकदाच भरून देतो. उंची, रुंदी आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे घनफळ, आणि घनफळाला एका गुणकानं गुणलं की वजन. कॅमेरा ऊस तोलत नाही, फक्त उंची बघतो. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात.

जागा. कॅमेरा एलिव्हेटरच्याच सांगाड्यावर हवा. केबिनच्या टपावर बसवला तर एलिव्हेटर डावी-उजवीकडे फिरला की कॅमेऱ्यापुढचं चित्रच बदलतं. चढाच्या मधल्या भागात बसवा. अगदी खाली कांड्या उसळत असतात, अगदी वर दुसरा पंखा पाचट उडवतो. मध्यावर थर शांत बसलेला असतो.

वायरिंग. बॅटरी १२ व्होल्टची की २४ ची हे मल्टिमीटरनं बघा, अंदाजानं जोडू नका. एलिव्हेटर फिरतो त्या बैठकीपाशी केबलला मोकळा वळसा ठेवा आणि दोन्ही टोकांपर्यंत एलिव्हेटर फिरवून बघितल्याशिवाय टाय आवळू नका. शाफ्टचा सेन्सर टाळू नका. इन्फिल्डर बदलताना भरलेला एलिव्हेटर थांबतो. सेन्सर नसेल तर तोच थांबलेला ऊस परत परत मोजला जातो.

आता ब्रॅकेट. ‘यंत्राला हादरे फार, खाली रबर घाला’ हा सल्ला तुम्हाला दहाजण देतील. ऐकू नका. नुसतं चित्र बघायचं असेल तर रबर चालेल, माप घ्यायचं असेल तर नाही. मी पहिल्या वर्षी चार रबरी बुश घातले होते. यार्डात एलिव्हेटर खाली होता तेव्हा कॅमेरा सरळ होता. रानात एलिव्हेटर वर घेतला की कॅमेऱ्याचं वजन दुसऱ्या दिशेला जायचं, रबर दबायचं आणि कॅमेरा पट्ट्याकडे झुकायचा. डोळ्याला काही कळत नाही. कॅमेरा जवळ आला की त्याला मात्र सगळाच थर उंच दिसतो.

जाड अँगलचं, दोन्ही बाजूंना टेकलेलं, कमानीसारखं ब्रॅकेट करा. एका बाजूनं पुढे काढलेला हात कितीही जाड घेतला तरी झुलतो. एलिव्हेटरला वेल्डिंग करू नका, क्लॅम्प आणि नायलॉक नट वापरा. काही कारणानं वेल्डिंग करावंच लागलं तर आधी बॅटरी सोडा आणि कंट्रोलरचे प्लग काढा. ब्रॅकेट बसल्यावर हातानं जोर लावून हलवून बघा. हललं तर काम झालेलं नाही.

त्यानंतर शून्य. मला अडवलं ते इथे. शून्य म्हणजे रिकाम्या एलिव्हेटरची उंची कॅमेऱ्याला शिकवणं. मी ते यार्डात घेतलं होतं, इंजिन बंद, एलिव्हेटर खाली, चेन उभी. यात दोन चुका होत्या. एक, एलिव्हेटर कामाच्या उंचीला नव्हता. दुसरी, चेन उभी असल्यानं चेनवरच्या आडव्या पट्ट्या एकाच जागी दिसल्या. चालत्या चेनवर त्या कॅमेऱ्याखालून सारख्या जातात आणि सरासरी उंची वाढवतात. झुकलेला कॅमेरा आणि हे मिळून रिकामा एलिव्हेटर अडीच सेंटिमीटर भरलेला दिसत होता.

अडीच सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. थर २० सेंटिमीटरचा असेल तर ती साडेबारा टक्के चूक झाली. एका शेतकरी काकांच्या रानात पडद्यावर ६२ टन दिसले आणि काट्याच्या पावत्यांची बेरीज आली ५५. त्यांनी पडद्यावर विश्वास ठेवला. आपल्याकडे काट्याबद्दल मनं आधीच पोळलेली असतात. तीन दिवस ते पावत्या पुन्हा पुन्हा लावून बघत होते आणि चूक होती माझ्या कॅमेऱ्याची. मी घरी जाऊन कबूल केलं. माप घेणारी वस्तू लोकांच्या रानात नेतो तेव्हा तो आकडा कुणाच्या तरी वर्षाच्या कष्टाचा असतो, म्हणून याबाबत मी आता कुणाला सूट देत नाही.

तेव्हा ‘काट्याशी जुळवून घ्या’ असं सांगणाऱ्यांनी मला गुणक कमी करायला लावला. त्या रानापुरतं जुळलं. पुढचा विरळ खोडवा (बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) आला, थर जेमतेम १० सेंटिमीटर, आणि तेच अडीच सेंटिमीटर तिथे २५ टक्के झाले. शून्याची चूक गुणकानं निघत नाही, ती फक्त एका रानापुरती झाकली जाते.

शून्य असं घ्या: चेनचा ताण आधी नीट करा. एलिव्हेटर झाडून घ्या, चिकटलेला चिखल आणि रसाचा थर खरवडा, पण इंजिन बंद करून आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवून. मग सगळ्यांना लांब उभं करा, एलिव्हेटर कामाच्या उंचीला न्या, इंजिन कामाच्या फेऱ्यांवर आणा, रिकामी चेन चालू करा आणि चेनचा किमान एक पूर्ण फेरा होईपर्यंत शून्य नोंदवत राहा. एलिव्हेटर डावीकडे नेऊन तपासा, उजवीकडे नेऊन तपासा. रिकाम्या चेनवर पडदा शून्याच्या आसपास राहिला पाहिजे. नाही राहिला तर परत ब्रॅकेटकडे जा, सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसू नका. हंगामात चेन ओढली जाते, म्हणून हे दर आठवड्याला आणि चेन आवळली की लगेच करायचं.

काट्याशी जुळणी. हे शून्यानंतरच. एका खेपेवर कधीच नाही, निदान पाच खेपा घ्या. उभा ऊस, लोळलेला ऊस, लागण आणि खोडवा यांचे गुणक वेगळे ठेवा, कारण पाचट जास्त आलं की तेवढ्याच घनफळात वजन कमी भरतं. पावतीवरचं पाचटाच्या वजावटीआधीचं वजन धरा. गाडी कारखान्याच्या यार्डात रात्रभर थांबली असेल तर ती खेप सोडून द्या, कापलेल्या कांड्या वाळून हलक्या होतात.

जीपीएस. ऊस बुडख्याशी कापला जातो आणि कॅमेऱ्याखाली काही सेकंदांनी येतो. हा उशीर भरला नाही तर रानात कुठे किती ऊस निघाला हे दाखवणारा नकाशा पुढे सरकतो. ताशी ५ किलोमीटर वेगाला १० सेकंद म्हणजे जवळपास १४ मीटर. सरीच्या सुरुवातीला घड्याळ लावून मोजा. शिरोळ, मिरज, वाळवा भागात रानाचा एखादा कोपरा क्षारपड असतो. तिथे १४ मीटरचा फरक म्हणजे पाणी काढायचा चर चुकीच्या जागी खणला जाणं.

उजेडासाठी कॅमेऱ्याला पत्र्याचं छप्पर करा, संध्याकाळचं ऊन भिंगात शिरता कामा नये. रात्रीचा दिवा कॅमेऱ्याच्या शेजारी लावू नका, धुळीवर उजेड पडून सगळं पांढरं होतं. लांबून, तिरका लावा.

राहिली काच. उसाचा रस आणि धूळ मिळून तिच्यावर चिकट पडदा धरतो. ऑपरेटर हाताला येईल ते फडकं फिरवतो आणि ते नेमकं डिझेलचं असतं. त्यानं काच तेलकट होते, मग धूळ आणखी बसते. केबिनमध्ये पाण्याची बाटली आणि एक सुती फडकं कॅमेऱ्यासाठीच वेगळं ठेवा. आम्ही ते लाल घेतलं, म्हणजे चुकून डिपस्टिकला लागत नाही. डिझेल भरायला यंत्र थांबलं की काच पुसायची.