जुन्या फियाटचे ब्रेक करताय? या चुका टाळा

शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी असलेली फियाट नाहीतर पद्मिनी एकदाची सुरू झाली की घरात पेढे वाटले जातात आणि कोणीतरी लगेच म्हणतं, "चला, पाटणादेवीला जाऊन येऊ." जरा थांबा. इंजिन बंद पडलं तर गाडी ढकलता येते, ब्रेकचं तसं नसतं.

पहिली चूक म्हणजे फक्त लायनर, म्हणजे ब्रेक शूवरचं घासणारं अस्तर, बदलून मोकळं होणं. चाकातला ड्रम (ज्याला लायनर आतून घासतो ते गोल भांडं) उघडला की लायनर समोर दिसतो, म्हणून तेवढाच बदलला जातो. ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबरी टोपण मात्र कोणी सोलून बघत नाही. आत ओल दिसली, तर सिलिंडर गळतोय. बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंजाचे खड्डे असतील, तर नुसतं वॉशर किट टाकून भागत नाही, सिलिंडरच बदला. ड्रममधली काळी भुकटी तोंडाने किंवा हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा.

"आप्पांच्या वेळचं आहे, राहू द्या," हे सीटकव्हरबद्दल म्हणा, चाकाकडे ऑइल नेणाऱ्या रबरी होज पाइपबद्दल नको. आमच्या गाडीचं स्टीअरिंग आप्पांच्या अंगठ्याने एका जागी गुळगुळीत झालंय, त्याला कोणी हात लावलेला नाही. रबर मात्र एकूण एक नवं.

आता खानदेशी उन्हाळ्यातलं हमखास दुखणं: निघताना गाडी मोकळी, दहा-पंधरा किलोमीटरवर ब्रेक धरून बसतात. मिस्त्री लायनर घासून देतो, दुसऱ्या दिवशी तेच. गाडी जाम असतानाच, चाकांना दगड लावून, आधी मास्टर सिलिंडरजवळचा (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब देतो तो) पाइप किंचित सैल करा. चाक सुटलं, तर दोष वरच्या बाजूला, मास्टर सिलिंडर-पेडलकडे आहे. बहुतेक वेळा पेडलच्या दांडीला प्लेच (थोडी मोकळी हालचाल) ठेवलेला नसतो. मग तापून फुगलेलं ब्रेक ऑइल त्याच्या टाकीत परत जाऊ शकत नाही. तिथे सुटलं नाही पण चाकाचा हवा काढायचा निप्पल उघडल्यावर सुटलं, तर होज आतून फुगलाय. बाहेरून तो अगदी ठणठणीत दिसतो.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कोरडं डॉट ३ दर्जाचं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते. आप्पा कन्नडचा घाट चाळीसगावकडे उतरताना दुसऱ्या गिअरच्या वर जात नसत. मागून आम्ही ओरडायचो, "आप्पा, ट्रकपण पुढे गेला!" चारही चाकांना ड्रम, ते तापले की पकड सुटते, आणि त्यात ऑइल उकळलं तर पेडल थेट तळाला. तेव्हा ऑइल सगळं काढून सीलबंद डब्यातलं नवं भरा. अर्धा उरलेला डबा नको, इंजिन ऑइल किंवा पेट्रोलने सिलिंडर धुणं तर मुळीच नको, रबर फुगतं.

ऑइल भरल्यावर पाइपांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. पेडल दोन-तीनदा मारल्यावरच घट्ट लागत असेल, तर हवा राहिलीये किंवा शू सैल आहेत. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर दुसऱ्या बाजूच्या लायनरला ऑइल लागलंय का ते बघा.

आणि ऑइल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. रंग उचलायला त्याला वेळ लागत नाही.