ढेकणांचा बंदोबस्त: औषधाआधी उष्णता

सकाळी अंगावर उठलेल्या गांधी डासांच्याही असू शकतात, म्हणून ढेकणांची खात्री अंगावरून नव्हे, तर अंथरुणावरून करावी. रात्री विजेरी घेऊन गादीची शिवण, उशीच्या अभ्र्याचे कोपरे आणि विशेषतः पलंगाचे सांधे पाहावेत. काळे ठिपके, टाकलेली फिकट कात किंवा जेमतेम एक मिलिमीटरची पांढरट अंडी दिसली, तर शंकेला जागा उरत नाही. यात घराच्या स्वच्छतेचा संबंध थोडाच असतो. जुना दिवाण, प्रवासातली बॅग किंवा पाहुण्यांची वळकटी एवढे निमित्त पुरते.

सांगलीकडे उन्हाळ्यात गाद्या गच्चीवर टाकण्याची रीत जुनी आहे, मात्र केवळ तिच्यावर विसंबू नये. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला, तरी कापसाच्या जाड गादीचा गाभा तेवढा तापत नाही आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. त्यांना व अंड्यांना हमखास मारायचे, तर ५० अंशांहून अधिक उष्णता थेट पोहोचली पाहिजे. त्यासाठी चादरी, अभ्रे आणि गोधड्या कापडाला सोसेल इतक्या, शक्यतो ६० अंशांच्या पाण्यात धुवाव्यात, खोलीतून नेताना त्या पिशवीत बांधूनच न्याव्यात आणि वाळल्यावर शिवणींवर कडक इस्त्री फिरवावी. लोखंडी खाट अंगणात काढून तिच्या सांध्यांत व नळ्यांत उकळते पाणी ओतावे. लाकडी पलंगाचे भाग सुटे करून वाफ द्यावी आणि वाळल्यावर फटी लांबीने बुजवाव्यात. जुन्या वाड्यांतील कडीपाटाच्या भेगा, भिंतीवरच्या तसबिरींच्या मागची बाजू आणि विजेच्या बटणांच्या पेट्याही तपासाव्यात. अर्थात विजेच्या पेटीजवळ पाणी किंवा वाफ नेऊ नये.

औषधाचा विचार त्यानंतर करावा. बाजारातील नेहमीच्या अनेक फवाऱ्यांना ढेकूण आता दाद देत नाहीत, उलट ते विखरून शेजारच्या खोलीत जातात. घाऊक फवारणी करायची झाल्यास परवानाधारक व्यक्तीलाच बोलवावे आणि दुसरी फेरी आधीच ठरवून घ्यावी, कारण अंडी साधारण ६ ते १० दिवसांत फुटतात व पहिल्या फवारणीतून वाचलेली पिढी तेव्हाच बाहेर येते.

धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र राहत्या घरात कदापि वापरू नयेत. गोदामांच्या परिसरात त्या सहज हाती लागतात, हाच खरा धोका. ओलाव्याने त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू फटींतून शेजाऱ्यांच्या घरातही शिरतो, त्यावर उतारा नाही आणि खोली बंद करून दुसरीकडे झोपलेल्या कुटुंबांवरही मृत्यू ओढवले आहेत. रॉकेल शिंपडणेही टाळावे. आगीचा धोका तर असतोच, शिवाय अंडी उरतातच.

बंदोबस्त चालू असताना खोली रिकामी सोडून दुसरीकडे झोपायला जाऊ नये. पूर्ण वाढलेला ढेकूण अन्नाविना कित्येक महिने तग धरतो आणि माणसाच्या मागोमाग दुसरी खोलीही गाठतो. त्याऐवजी पलंग भिंतीपासून हातभर दूर ओढावा, चादर जमिनीला टेकू देऊ नये आणि प्रत्येक पायाखाली गुळगुळीत कडांची वाटी पाणी घालून ठेवावी. दर सकाळी ती पाहावी आणि डेंग्यूचे डास होऊ नयेत म्हणून पाणीही रोज बदलावे. वाटीत ढेकूण सापडत आहेत तोवर उष्णतेची फेरी दर आठवड्याला चालू ठेवावी.