गाडी स्वतः चालते म्हणे. तिच्यावर भरवसा कुठवर ठेवायचा?

"स्वतः चालणारी गाडी सुरक्षित असते का?" असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघमच मिळतं. कोणती यंत्रणा, कोणत्या रस्त्यावर, किती वेगात, कसल्या हवेत, आणि त्या वेळी रस्त्यावर नजर ठेवायचं काम कोणाचं, हे आधी पक्कं करा. मग उत्तर बरंच नेमकं देता येतं. ते कसं काढायचं आणि रोजच्या वापरात काय सांभाळायचं, ते पुढे दिलं आहे.

आधी पातळी ओळखा

एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने गाडी किती स्वयंचलित आहे याच्या 0 ते 5 अशा सहा पातळ्या ठरवल्या आहेत. जाहिरातीतलं नाव विसरा, पातळी शोधा. आज लोकांच्या हातात असलेल्या बहुतेक "स्वयंचलित" गाड्या पातळी 2 च्या आहेत: गाडी स्टिअरिंग, वेग आणि ब्रेक सांभाळते, पण पाहायचं काम पूर्णपणे ड्रायव्हरचं. पातळी 3 मध्ये ठरलेल्या परिस्थितीत नजर हटवता येते, मात्र गाडीने हाक दिली की ताबा घ्यावाच लागतो. पातळी 4 ला ठरलेल्या हद्दीत माणूस लागतच नाही. अमेरिकेतल्या वेमो कंपनीच्या बिनड्रायव्हरच्या टॅक्सी या प्रकारातल्या. पातळी 5, म्हणजे कुठेही, कधीही, कसल्याही हवेत चालणारी गाडी, विक्रीला नाही.

ओळखायचा सोपा प्रश्न: मी पाहत नसताना धडक झाली, तर पाहायचं काम कोणाचं होतं? मॅन्युअलमध्ये "ड्रायव्हरने सतत लक्ष ठेवावे" असं वाक्य असेल तर ती फार तर पातळी 2, मग नाव कितीही भारी असो.

पातळी 3 ची हाक किती आधी येते, तेही बघून ठेवा. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक 157 या यंत्रणांसाठीच आहे. सुरुवातीला त्यात ताशी 60 किमीची मर्यादा होती, 2022 च्या दुरुस्तीने ती 130 झाली. हाक दिल्यावर ड्रायव्हरने ताबा घेतला नाही, तर सर्वसाधारणपणे किमान 10 सेकंदांनी गाडी स्वतःहून थांबण्याची हालचाल सुरू करते. ताशी 130 ने 10 सेकंदांत गाडी 360 मीटर जाते. झोप लागलेल्या माणसाला जागं होऊन परिस्थिती समजून घ्यायला एवढा वेळ पुरत नाही. म्हणून पातळी 3 मध्येही डुलकी चालत नाही.

आकडे दाखवले तर काय विचारायचं

"आमची गाडी माणसापेक्षा इतक्या पटीने सुरक्षित" असा दावा समोर आला की चार गोष्टी तपासा. तुलना एकाच प्रकारच्या रस्त्याची आहे का? दुभाजक असलेल्या महामार्गावर प्रत्येक किलोमीटरमागे अपघात कमीच होतात, त्यामुळे महामार्गावरचा आकडा शहरासकट सरासरीशी लावला तर गाडी फुकट शहाणी दिसते. तुलनेतल्या माणसांच्या गाड्या किती जुन्या? अपघात कशाला म्हटलंय, एअरबॅग उघडल्यावरच की साध्या घासाघाशीलाही? आणि प्रसंग अवघड झाल्यावर माणसाने ताबा घेतला, तर तो किलोमीटर कोणाच्या खात्यात गेला?

पाचवी गोष्ट किती किलोमीटरांची, ही. जीवघेणे अपघात अंतराच्या मानाने इतके विरळ असतात की थोड्या धावेवरून काहीच सिद्ध होत नाही. रँड या संशोधन संस्थेने 2016 मध्ये अमेरिकेच्या मृत्युदरावरून हिशेब मांडला: त्या बाबतीत गाडी माणसाइतकी तरी सुरक्षित आहे हे 95 टक्के खात्रीने म्हणायचं, तर एकही मृत्यू न होता 27.5 कोटी मैल, म्हणजे सुमारे 44 कोटी किलोमीटर चालवावे लागतील. जखमी होण्याचे अपघात जास्त घडतात, म्हणून त्यांचं उत्तर लवकर मिळतं. म्हणजे "जखमी कमी होतात" हे पटण्यासारखं असू शकतं, आणि त्याच वेळी मृत्यूंबद्दल ठाम बोलणं घाईचं ठरू शकतं.

गाडी कुठे चुकते आणि का

सर्वांत जास्त सांभाळायचं ते उभ्या वाहनापासून. गाडीतल्या रडारला पाटी, पुलाचा कठडा, गटाराचं झाकण यांचेही प्रतिध्वनी येतात. प्रत्येकासाठी ब्रेक लावला तर गाडी चालणारच नाही, म्हणून अनेक यंत्रणा, विशेषतः जुन्या, मोठ्या वेगात स्थिर प्रतिध्वनी बाजूला टाकतात. आता हा प्रसंग बघा. ताशी 90 वेग, म्हणजे सेकंदाला 25 मीटर. पुढची गाडी अचानक लेन बदलते आणि तिच्या आड दडलेला बंद पडलेला ट्रक 60 मीटरवर उघडा पडतो. दीड सेकंदात तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत 37 मीटर संपले. उरले 23, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला सुमारे 45 लागतात. म्हणून पुढच्या गाडीशी अंतराची सेटिंग कायम सर्वांत मोठी ठेवा आणि नजर एका गाडीच्या पलीकडे न्या.

आडवं येणारं वाहन ही दुसरी कमजोरी. 2016 मध्ये फ्लोरिडात ऑटोपायलट या पातळी 2 च्या यंत्रणेवर असलेली टेस्ला रस्ता ओलांडणाऱ्या ट्रेलरखाली गेली. त्या काळची टक्कर टाळणारी यंत्रणा मुख्यतः पुढच्या वाहनाच्या मागून होणारी धडक ओळखण्यासाठी बनवलेली होती.

तिसरी गोष्ट ओळख पटण्याची. मार्च 2018 मध्ये अॅरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणी गाडीने रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली आणि ती मरण पावली. ती यंत्रणेला 5.6 सेकंद आधी दिसली होती. पण समोर वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, हे यंत्रणा पुन्हा पुन्हा बदलत राहिली. ओळख बदलली की आधीच्या हालचालीची नोंद पुसली जाई, त्यामुळे ती कुठे चालली आहे याचा अंदाज बांधलाच गेला नाही. गाडीतला कारखान्याचा आपत्कालीन ब्रेक चाचणीसाठी बंद होता आणि लक्ष ठेवायला बसवलेल्या व्यक्तीची नजर फोनवर होती. दिसणं आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्क्रीनवर चित्र उमटलं म्हणून गाडी ब्रेक लावेलच असं धरून चालू नका.

याशिवाय पुसट पट्टे, रस्त्याचं काम, जिथे लेन फुटते ती जागा, समोरून येणारं खालचं ऊन आणि ट्रकच्या चाकांचा पाण्याचा फवारा: यातलं काहीही पुढे दिसलं की यंत्रणेने सांगायची वाट न पाहता आधीच ताबा घ्या.

निघण्यापूर्वी

आरशामागचा कॅमेरा आणि बंपरमधला रडार कुठे आहे ते शोधून ठेवा. काच आतून-बाहेरून मऊ कापडाने पुसा. कॅमेऱ्यासमोरची आतली धूसर पापुद्र्यासारखी घाण हमखास राहून जाते. रडारसमोर स्टिकर, सजावटीची जाळी किंवा जाड रंगाचे थर नकोत.

पुढची काच बदलली, बंपर काढून लावला, सस्पेन्शनची उंची बदलली, तर कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेरा आणि रडारची दिशा पुन्हा अचूक जुळवणं, करून घ्या आणि त्याचा लेखी अहवाल मागा. कॅमेरा फक्त एक अंश फिरला तरी 100 मीटरवर पावणेदोन मीटरची चूक होते, म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनची अर्धी रुंदी. धोक्याचा दिवा अशा वेळी लागेलच याची खात्री नसते. गाडी नेहमी लेनच्या एकाच कडेला ओढू लागली, तर यंत्रणा बंद ठेवा आणि आधी तपासणी करा.

पहिल्यांदा वापरताना

1. कोरडा दिवस, ओळखीचा दुभाजकाचा रस्ता, तुरळक वाहतूक. सुरुवातीला 15-20 मिनिटंच.
2. यंत्रणा बंद करायचे तिन्ही मार्ग वापरून पाहा: ब्रेक, बटण आणि स्टिअरिंग फिरवणं. काही गाड्यांत स्टिअरिंग फिरवल्यावर फक्त लेन सांभाळणं सुटतं, वेग मात्र गाडीच्याच हातात राहतो. ड्रायव्हरला वाटतं सगळं बंद झालं, आणि वळणावर गाडी वेग कमी करत नाही.
3. प्रत्येक वेळी यंत्रणा सुटल्याचा आवाज आणि स्क्रीनवरचा रंग लक्षात ठेवा. ही खूण डोळे न वळवता कळली पाहिजे.
4. उजवा पाय ब्रेकजवळ तयार ठेवा. रिकाम्या रस्त्यावर, पुलाखाली किंवा सावलीत गाडी अचानक ब्रेक लावू शकते. मागचा अंगावर येऊ नये म्हणून तेव्हा अॅक्सिलरेटर हलकेच दाबा.

आपत्कालीन ब्रेक खरंच लागतो का हे बघायला कोणाला गाडीसमोर उभं करू नका. खोक्यांवरही करू नका: खोकं ही यंत्रणेच्या दृष्टीने ना गाडी, ना माणूस, त्यामुळे निकालातून काहीच कळत नाही.

लक्ष टिकवणं

यंत्रणा जितकी चांगली, तितकं लक्ष लवकर ढळतं. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी 1948 मध्ये रडारवर नजर ठेवणाऱ्यांसारखं काम देऊन पाहिलं, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासातच चुकवलेल्या खुणा वाढल्या. पातळी 2 च्या ड्रायव्हरचं काम तेच. म्हणून दर 20-25 मिनिटांनी काही वेळ स्वतः चालवा, आरसे ठरावीक क्रमाने पाहत राहा, आणि झोप येत असेल तर यंत्रणा लावण्याऐवजी थांबा. हात स्टिअरिंगवर आहेत असं भासवायला त्याला वजन लटकवून गाडीला फसवणं म्हणजे शेवटचा पहारेकरी काढून टाकणं. कृपा करून ते करू नका, आणि कोणी करत असेल तर त्याच्या गाडीत बसू नका.

बिनड्रायव्हरच्या टॅक्सीत

पट्टा लावा, थांबवायचं बटण आणि मदतीच्या कॉलचं बटण निघण्यापूर्वी शोधा. उतरताना मागून वाहन येत नाही ना, ते स्वतः पाहा.

सॉफ्टवेअर बदललं की

अपडेटनंतर कालची सवय आज लागू असेलच असं नाही. बदलांची यादी वाचा आणि पहिली फेरी पुन्हा त्या कोरड्या, ओळखीच्या रस्त्यावर मारा. गाडी घरात दुसरं कोणी चालवत असेल, तर किल्ली देण्याआधी यंत्रणा कशी बंद होते हे त्यांच्या हाताने एकदा करून घ्या.