अदिसमध्ये ‘फूल’ शिजेना, तेव्हा

इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंच. पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून नाश्त्याच्या ‘फूल’साठी (म्हणजे घोटलेल्या बाकल्याचा इथला पदार्थ) रात्रभर भिजवलेला बाकलाही (फावा बीन, वालासारखं मोठं कडधान्य) पातेल्यात चामट राहायचा. शेवटी आपला कुकरच कामी आला. चिमूटभर सोडा, एक शिट्टी, मग मंद आचेवर अर्धा तास. दाणा दोन बोटांत दाबला की सालासकट चिरडला पाहिजे. डावानं अर्धवटच घोटायचा, पार पिठलं नको. तेलात कांदा परतून टोमॅटो आणि बरबरे मसाला (जपून, झणझणीत असतो!), त्यात बाकला. वरून कच्चा कांदा, हिरवी मिरची. बुधवार-शुक्रवारी इथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपास. तेव्हा लोणी, अंडं, दही वर्ज्य. मला तसंच आवडतं, गरम पावाबरोबर.